समूहांचे सभासदत्व व गोपनीयता

समूहांचे सभासदत्व व गोपनीयता : समान व्यवसाय, वास्तव्य, हितसंबंध वा श्रद्धा यांच्या आधारे एकत्र आलेल्या व्यक्तींच्या समूहात कोणास प्रवेश द्यावा, कोणास वगळावे आणि समूहातील कोणती माहिती कोणापर्यंत पोहोचू द्यावी, यांविषयीची नियमव्यवस्था. सभासदत्वाचे नियम समूहाची सीमा ठरवितात. गोपनीयतेचे नियम त्या सीमेतून माहिती कितपत आत-बाहेर जावी हे ठरवितात. हे दोन प्रश्न परस्परांशी निगडित असले, तरी एक नव्हेत. प्रवेश कडक असूनही दप्तर सर्वांस खुले असणारे समूह असतात. उलट, कोणासही प्रवेश असूनही आतील बोलणे पूर्णपणे गुप्त राखणारेही असतात. भ्रमणध्वनी व संगणक यांच्या जाळ्यावर उभ्या राहिलेल्या आधुनिक समूहांत या दोन प्रश्नांची गल्लत विशेषेकरून होते आणि त्यातून उद्‌भवणाऱ्या तक्रारी बहुधा या गल्लतीच्याच असतात.

प्राचीन श्रेणी : या विषयाचे महाराष्ट्रातील सर्वांत जुने लेखी पुरावे जुन्नर व नाशिक येथील लेण्यांत आढळतात. नाणेघाटातून कोकणात उतरणाऱ्या व्यापारी मार्गावरील जुन्नर हे सातवाहनकाळी भरभराटीचे नगर होते. तेथील ब्राह्मी लेखांत धान्यविक्रेत्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान केल्याचा उल्लेख आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंदही तेथे मिळते. दुसऱ्या एका लेखात एका शक उपासकाने करंजाची व वडाची झाडे लावण्यासाठी शेतांचे उत्पन्न कोणाचिक येथील श्रेणीच्या हवाली केल्याचे नमूद आहे. हा दाता त्या श्रेणीचा सभासद होता, असे लेखावरून दिसत नाही. तरीही त्याने कायमचा निधी तिच्याकडे विश्वासाने सोपविला. श्रेणीत प्रवेश मर्यादित असला, तरी तिचा व्यवहार बाहेरच्यांनाही भरवशाचा वाटत होता, हे त्यावरून स्पष्ट होते.

हा भरवसा कशामुळे निर्माण होई, याचे उत्तर नाशिकच्या पांडवलेण्यातील उषवदाताच्या लेखात मिळते. क्षत्रप नहपानाच्या या जावयाने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे एकूण तीन हजार कार्षापण ठेवले : एकीकडे दोन हजार दरमहा शेकडा एक दराने व दुसरीकडे एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. व्याजातून भिक्षूंच्या चीवरांचा व अन्य किरकोळ खर्च भागवावयाचा होता. हा सर्व व्यवहार निगमसभेत वाचून दाखविण्यात आला आणि दप्तरात नोंदविण्यात आला, असे लेख सांगतो. म्हणजे ठेवीची रक्कम, दर व हेतू या गोष्टी जाणूनबुजून जाहीर केलेल्या होत्या. श्रेणीच्या आतील धंद्याची कौशल्ये वा सभासदांचे परस्परव्यवहार मात्र शिळेवर कोरलेले नाहीत. काय उघड ठेवावे व काय आत ठेवावे, याची ही निवड सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची आहे.

स्मृतिग्रंथांत समूहाच्या आपापसांतील कराराला ‘संविद्’ वा ‘समय’ म्हटले असून त्याचा भंग हे स्वतंत्र व्यवहारपद मानले आहे. समूहाचे द्रव्य अपहारणाऱ्या वा संविद मोडणाऱ्याचे सर्वस्व हरण करून त्यास हद्दपार करावे, असे याज्ञवल्क्य म्हणतो. श्रेणी, नैगम, पाखंडी व गण यांचे निरनिराळे आचार राजाने राखावेत, असाही त्याचा दंडक आहे. बृहस्पतीने एकत्र काम सुरू करण्यापूर्वी दिव्य, लेख वा मध्यस्थ यांच्याद्वारे परस्परविश्वास निर्माण करून घेण्यास सांगितले आहे. कात्यायनाचा नियम अधिक मार्मिक आहे : समूहात मागाहून प्रविष्ट झालेलेही आधीच्या धनाचे व आधीच्या ऋणाचे सारखेच वाटेकरी होतात. नव्या सभासदाला समूहाच्या भूतकाळात कितपत वाटा द्यावा, हा प्रश्न त्यामुळे किती जुना आहे, याची कल्पना येते.

गावगाडा व गोत : मध्ययुगीन मराठी गावात पूर्ण सभासदत्व मिरासदारांकडे असे, त्यांना थळकरी असेही म्हणत. उपरी कुळे गावात राहून जमीन कसत, पण गावाच्या निर्णयात त्यांना मिरासदाराचे स्थान नसे. टॉमस कोट्स याने पुण्याजवळच्या लोणी गावाचे जे वर्णन केले (प्रकाशन १८२३), त्यात हा भेद स्पष्टपणे नोंदविलेला आहे. मिरासदार दीर्घकाळ परगावी राहिला, तरी त्याचा हक्क सहसा नष्ट होत नसे. परतून सारा भरल्यास त्याला आपली जमीन मागता येई. गैरहजर सभासद हाही सभासदच, ही कल्पना त्यामागे होती. पोटासाठी मुंबईस गेलेले गावकरी तेथे ग्रामस्थ मंडळ स्थापून गावच्या जत्रेची, देवळाची वा शाळेची वर्गणी गोळा करीत राहिले, त्यात याच कल्पनेचा नवा आविष्कार दिसतो.

वतनाचा वा हद्दीचा तंटा गोतसभेपुढे चाले आणि निवाड्याचा महजर हजर असलेल्यांच्या साक्षी-निशाण्यांसह तयार होई. येथेही प्रवेश जन्माने वा वतनाने बद्ध, पण नोंद उघड, असाच प्रकार होता. या व्यवस्थेची काळी बाजू म्हणजे बहिष्कार. वाळीत टाकलेल्या कुटुंबास पाणी, पंगत, लग्नसंबंध आणि प्रसंगी प्रेताला खांदा यांसही मुकावे लागे. सभासदत्व रद्द होणे म्हणजे तेथे जगण्याचे साधनच रद्द होणे होय. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कारास प्रतिबंध करणारा कायदा केला. तो सर्वोच्च न्यायालयाने दाऊदी बोहरा समाजासंबंधीच्या खटल्यात १९६२ मध्ये घटनाबाह्य ठरविला. त्यानंतर सुमारे अर्धशतकाने महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण करणारा अधिनियम (२०१६) संमत केला. तो २०१७ मध्ये अंमलात आला.

सहकारी संस्था : लेखी नियमांच्या दृष्टीने सर्वाधिक विकसित रूप सहकारी संस्थांत आढळते [→ सहकार]. रॉचडेल येथील विणकरांपासून (१८४४) चालत आलेले खुल्या सभासदत्वाचे तत्त्व महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये स्वीकारलेले आहे. पुरेशा कारणाशिवाय पात्र व्यक्तीस प्रवेश नाकारता येत नाही. नाकारल्यास कारणे कळवावी लागतात. आणि अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांत निर्णय कळविला नाही, तर अर्जदार सभासद झाला असे मानले जाते. मौन म्हणजे नकार नव्हे तर संमती, असे ठरविणारी ही तरतूद दिरंगाईच्या नावाखाली दार बंद ठेवण्याची युक्ती निकालात काढते. काढून टाकण्याची वाट मात्र अवघड केलेली आहे. त्यासाठी खास बोलाविलेल्या सर्वसाधारण सभेत उपस्थित व मतदानास पात्र अशा सभासदांपैकी किमान तीन चतुर्थांशांचा ठराव, संबंधितास म्हणणे मांडण्याची संधी व निबंधकाची मान्यता ही तिन्ही लागतात. हकालपट्टी झालेल्यास एक वर्षपर्यंत पुन्हा प्रवेश मिळत नाही.

गोपनीयतेच्या दृष्टीने या अधिनियमातील दप्तर-तपासणीची तरतूद विशेष उल्लेखनीय आहे. सभासदास उपविधी, शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, समितीच्या सदस्यांची यादी, सभासदांची नोंदवही व सभांची इतिवृत्ते विनामूल्य पाहता येतात. परंतु हिशेबाच्या वह्यांपैकी जेवढ्या भागात त्याचे स्वतःचे संस्थेशी झालेले व्यवहार नोंदलेले असतील, तेवढाच भाग त्यास पाहता येतो. शेजाऱ्याचे कर्ज किती थकले आहे, हे नुसत्या सभासदत्वाच्या बळावर विचारता येत नाही. समूहाचे ते सर्वांचे, व्यक्तीचे ते तिचे, ही विभागणी इतक्या नेमकेपणाने क्वचितच अन्यत्र केलेली आढळते. थकबाकीदारांची नावे फळ्यावर लावण्याची जी प्रथा अनेक ठिकाणी दिसते, ती या विभागणीच्या भावनेस धरून नाही.

खुल्या सभासदत्वालाही मर्यादा आहेत. एका गृहनिर्माण संस्थेच्या उपविधींतील पारशी समाजापुरते सभासदत्व मर्यादित करणारी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ग्राह्य धरली. तत्पूर्वी १९७१ मध्ये, हिंदी साहित्य संमेलनासंबंधीच्या खटल्यात, स्वेच्छेने एकत्र आलेल्यांवर बाहेरचे सभासद कायद्याने लादणे हा संघटनास्वातंत्र्याचा भंग होय, असा निर्णय त्याच न्यायालयाने दिला होता. संघटना करण्याच्या हक्कात कोणाबरोबर संघटित व्हावयाचे हे ठरविण्याचा हक्क अंतर्भूत आहे, असा त्याचा आशय होतो. निवारा वा पाणी यांसारखी जीवनावश्यक गोष्ट समूहाच्या हाती असेल, तेव्हा हा हक्क कितपत ताणावा, हा वाद संपलेला नाही.

मर्यादित साधनसंपत्तीवर उभ्या असलेल्या समूहांत हा ताण स्पष्ट दिसतो. आंबेगाव तालुक्यातील डिंभे धरणाच्या जलाशयावर विस्थापित आदिवासींनी मासेमारीची सहकारी संस्था उभारली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेस २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक लाभले. अशा जलाशयात मासळी किती यास सीमा असते. त्यामुळे विस्थापित कोण, हा प्रश्न तेथे उपजीविकेचा असतो. सामाईक संपत्तीच्या व्यवस्थापनाचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम हिने १९९० च्या ग्रंथात दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांचे जे विशेष सांगितले, त्यांत हक्कदारांची सीमा स्पष्ट असणे हे अग्रस्थानी आहे.

‘गावचा’ कोण ? : माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावरील मढ व त्याच्या परिसरातील, तसेच आंबेगावच्या पश्चिम भागातील डोंगराळ वस्त्यांच्या संदर्भात हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिम भागातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात व तेथे महादेव कोळी समाजाची मोठी वस्ती आहे. संविधानाच्या व्याख्येनुसार ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत नाव असलेल्या व्यक्तींचा समूह. अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींविषयीचा १९९६ चा कायदा पाडा वा पाड्यांचा समूह यासही गाव मानू देतो, पण सभासदत्वाचा निकष मतदारयादीचाच ठेवतो. वनहक्क कायद्यात (२००६) मात्र ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व प्रौढ व्यक्तींची सभा होय. एकाच पाड्यावरील माणसांचे सभासदत्व अशा रीतीने दोन कायद्यांत दोन प्रकारे मोजले जाते. याखेरीज नातेसंबंधाचे तिसरे मोजमाप लोकव्यवहारात आहेच : नाव मुंबईच्या मतदारयादीत गेलेला चाकरमानी, सासरी गेलेली माहेरवाशीण आणि शिक्षणासाठी पुण्यात राहणारी मुले ही सर्व गावचीच समजली जातात.

ग्रामसभा भरते तेव्हा कोणत्या मोजमापाने मत घ्यावयाचे, हे कायदा सांगतो. गावाच्या नावाने भ्रमणध्वनीवर चालणाऱ्या समूहास असा कोणताही दाखला नसतो. तेथे ज्याने समूह सुरू केला त्याच्या दूरध्वनीत ज्यांचे क्रमांक होते, ते सभासद होतात. उरलेले राहून जातात. राहून जाणाऱ्यांत ज्यांच्या नावावर स्वतंत्र दूरध्वनी नाही अशा स्त्रिया, वृद्ध व पाड्यावरची कुटुंबे अधिक असावीत, हे उघड आहे. अशा समूहावर पाण्याच्या पाळीची वा ग्रामसभेच्या तारखेची सूचना देऊन काम भागविले, की एरवी दवंडीने सर्वांना मिळणारी बातमी सभासदांपुरती होते.

संगणकीय व भ्रमणध्वनीवरील समूह : या समूहांत सभासदत्व व गोपनीयता यांचे नियम कागदावरील उपविधींऐवजी यंत्रणेतील पर्यायांच्या रूपाने ठरतात आणि ते पर्याय कंपनी बदलू शकते. फेसबुकवरील समूह २०१९ पर्यंत सार्वजनिक, बंद व गुप्त अशा तीन प्रकारांत मोडत. त्या वर्षी त्याऐवजी दोन स्वतंत्र प्रश्न विचारले जाऊ लागले : समूहातील मजकूर बाहेरच्यांस दिसावा की नाही, आणि समूहाचे अस्तित्व तरी शोधणाऱ्यास दिसावे की नाही. ही विभागणी अधिक तर्कशुद्ध होती. वस्तुतः पृथक् विचार करावा अशा आणखी काही बाबी आहेत : सभासदांची यादी कोणास दिसावी, लिहिण्याचा अधिकार सर्वांस असावा की मोजक्यांस, नव्या सभासदास जुना मजकूर वाचता यावा काय, आणि नवा सभासद कोणी आणावा. टेलिग्राममध्ये जुने संदेश नवागतास दाखवावेत की नाही, हे संचालक ठरवू शकतो. कात्यायनाने धन व ऋण यांच्याबाबत सोडविलेला प्रश्न येथे संभाषणाच्या रूपाने पुन्हा उपस्थित होतो. ज्यांनी आजाराबद्दल वा कर्जाबद्दल मोकळेपणे लिहिले, त्यांनी ते त्या वेळच्या सभासदांसमोर लिहिलेले असते. उद्याच्या अनोळखी सभासदासमोर नव्हे.

महाराष्ट्रात सर्वाधिक रुळलेल्या व्हॉट्‌सॲपच्या समूहांची मर्यादा २०१६ मध्ये २५६ सभासदांची होती. २०२२ मध्ये ती प्रथम ५१२ व नंतर १,०२४ झाली. दहा-वीस जणांच्या घरगुती मंडळीचे नियम हजार जणांस पुरत नाहीत, हे सांगावयास नको. परंतु बहुतेक समूह वाढत असताना त्यांचे नियम वाढत नाहीत. साध्या समूहात सभासदांचे दूरध्वनी क्रमांक परस्परांस दिसतात. त्यामुळे समूहात घातले जाणे म्हणजे आपला क्रमांक अपरिचितांच्या हाती जाणे होय आणि त्रासदायक दूरध्वनी येऊ लागल्यावर तो परत घेता येत नाही. २०१९ पूर्वी कोणासही त्याच्या पूर्वसंमतीवाचून समूहात घालता येई. त्या वर्षी आपल्याला कोण घालू शकेल हे ठरविण्याचा पर्याय आला. तथापि तो वापरकर्त्याने स्वतः शोधून निवडावा लागतो. इतरांस न कळविता समूह सोडण्याची सोय २०२२ मध्ये झाली. तोवर बाहेर पडणे ही एक जाहीर घटना होती आणि नात्यागोत्याच्या समूहात तिचा अर्थ रुसवा असाच लावला जाई.

प्रवेशासाठी दुवा पाठविणे सोयीचे असते. पण दुवा ही किल्लीची नक्कल असून ती कितीजणांकडे गेली हे कळत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये व्हॉट्‌सॲप समूहांचे असंख्य दुवे गूगलच्या शोधयंत्रात सापडू लागल्याचे उघडकीस आले. कोणी तरी ते उघड्या पृष्ठावर ठेवलेले होते. दुवा ठरावीक काळाने रद्द करून नवा काढणे आणि प्रत्येक नवागतास संचालकाने मान्यता देणे, हे त्यावरील साधे उपाय होत. संदेशांचे दोन्ही टोकांचे कूटीकरण २०१६ पासून सर्वत्र लागू झाले असल्याने वाटेत कोणी ते वाचू शकत नाही, हे खरे. परंतु आतल्याने पडद्याचे चित्र काढून बाहेर पाठविल्यास कूटीकरणाचा काहीही उपयोग होत नाही. यंत्र भिंत बांधते; आतल्या माणसाच्या तोंडाला कुलूप घालणे हे काम नियमाचे व संस्काराचे आहे.

या बाबतीत जुन्या समूहांनी घालून दिलेले काही पायंडे उपयुक्त आहेत. महिलांच्या बचत गटांत, ज्यांना बँकांशी जोडण्याचा कार्यक्रम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केला, सभासद संख्या प्रायः दहा ते वीस असते आणि कर्ज कशासाठी हवे हे सर्वांसमोर सांगावे लागते. नवऱ्याचे व्यसन, मुलीचे बाळंतपण, दवाखान्याचा खर्च अशी कारणे तेथे उच्चारली जातात. ती गटाबाहेर जाऊ न देणे हा गटाचा प्राण असतो, तर वसुलीचा व शिलकीचा हिशेब मात्र हजेरीपुस्तकाबरोबर उघडा ठेवावा लागतो. मद्यपाशातून सुटू पाहणाऱ्यांची, १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही चळवळ प्रवेशासाठी मद्य सोडण्याच्या इच्छेपलीकडे कोणतीही अट घालत नाही. नाव मात्र बाहेर उच्चारू देत नाही. लंडनच्या चॅटम हाउसने १९२७ मध्ये केलेल्या नियमानुसार सभेतील माहिती बाहेर वापरता येते, पण ती कोणी सांगितली हे सांगता येत नाही. तिन्ही ठिकाणी गोपनीयतेची सीमा प्रवेशाच्या सीमेहून निराळी आखलेली आहे.

संचालकाचे स्थान व कायदा : समूह सुरू करणाऱ्यास, लोकव्यवहारात ज्यास ॲडमिन म्हणतात, घेणे व काढणे हे दोन मुख्य अधिकार असतात. सहकारी संस्थेत ज्या गोष्टीस तीन चतुर्थांश मते व निबंधकाची मान्यता लागते, ती तो एका बोटाने करू शकतो. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरास तो जबाबदार काय, हा प्रश्न गोंदिया जिल्ह्यातील एका प्रकरणातून मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला. समान उद्देश वा पूर्वनियोजन सिद्ध झाल्याखेरीज केवळ संचालक असल्यामुळे दुसऱ्याच्या कृत्याची फौजदारी जबाबदारी त्याच्यावर येत नाही, असा निर्णय न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये दिला. केरळ उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये तत्सम मत व्यक्त केले. या निर्णयांमुळे संचालक शिक्षेतून सुटला, तरी नियम ठरविण्याच्या कर्तव्यातून सुटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे घोषित केले. त्या पायावर आधारलेला अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हावयाची आहे. व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी ठेवलेली माहिती या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे. नातलगांचा समूह त्यामुळे मोकळा राहतो. पण पतसंस्था, शाळा वा गृहनिर्माण संस्था सभासदांचे क्रमांक व पत्ते संगणकावर ठेवीत असेल, तर तिला संमती, हेतू व सुरक्षितता यांविषयीच्या जबाबदाऱ्या पाळाव्या लागतील. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे. शाळेच्या वर्गाचे समूह या दृष्टीने विचारात घ्यावे लागतात.

ग्रामस्थ मंडळांसारखे समूह पुष्कळदा संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेले असतात. त्यानुसार नियमांप्रमाणे प्रवेश मिळालेला व वर्गणी भरलेला वा सभासदपटावर सही केलेला, आणि राजीनामा न दिलेला, तोच सभासद होय. तीन महिन्यांहून अधिक वर्गणी थकल्यास त्याला मत देता येत नाही. अशा मंडळाने चालविलेल्या भ्रमणध्वनी-समूहाचा पट व नोंदणीकृत सभासदपट यांत बहुधा मेळ नसतो. वर्षाच्या सर्वसाधारण सभेपूर्वी दोन्ही पट एकत्र वाचून ताडून पाहणे हा त्यावरील व्यवहार्य उपाय आहे. मृत सभासदाचा क्रमांक समूहात तसाच राहतो आणि सेवा खंडित झाल्यावर काही काळाने तो क्रमांक दूरध्वनी कंपनीकडून दुसऱ्याच ग्राहकास दिला जातो. वारसनोंद न केलेल्या सात-बाऱ्याप्रमाणे अशा पटावर गेलेल्यांची नावे राहतात; फरक इतकाच, की येथे त्या नावाआड एखादा जिवंत अपरिचित वाचक असू शकतो.